एरंडेल नको, आधी दिवा तपासा

पोट साफ होत नाही म्हटलं की मराठी घरात हात पहिल्यांदा एरंडेलाच्या बाटलीकडे जातो. अमेरिका-युरोपात ज्यांच्या घरी शॅमेलिऑन सरडा पाळलेला असतो, त्यांचा हात ऑलिव्ह तेलाकडे किंवा पॅराफिनकडे जातो, एवढाच फरक. चार-सहा दिवस विष्ठा नाही, पोट टम्म, समोर रातकिडा सोडला तरी जीभ बाहेर येत नाही. मग कुणीतरी सांगतं, थोडं तेल पाजा. सगळ्या घरगुती सल्ल्यांत हा सर्वांत वाईट. शॅमेलिऑनची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, पुढच्या बाजूलाच उघडते. धडपडणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ओतलेलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं, आणि त्याने होणारा न्यूमोनिया बरा करणं बद्धकोष्ठापेक्षा कितीतरी अवघड. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. ते दिसतं पोटात, पण बहुतेक वेळा सुरू झालेलं असतं पिंजऱ्यात.

इथे बोलतो आहे ते मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. डोक्यावर उंच तुरा असलेला, येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला हा प्राणी आता पाश्चात्त्य देशांत पैदास करून सर्रास विकला जातो.

‘खात नाही म्हणजे अशक्त झालाय, काहीतरी भरवा’ हा गैरसमज मायेपोटी होतो, म्हणून तो काढणं कठीण. माणसाचं शरीर आपली ऊब आपणच तयार करतं. शॅमेलिऑनला ती बाहेरून घ्यावी लागते आणि त्याचं पचन त्या उबेवर चालतं. दिव्याखालच्या त्याच्या बसायच्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान हवं. ते मिळालं नाही, तर पाचकरस मंदावतात, आतड्यांची हालचाल सुस्तावते, गिळलेला किडा आत पडून राहतो आणि कधी कधी उलटून बाहेर येतो. अशा थंड पोटात बळेच अन्न कोंबणं म्हणजे विझलेल्या चुलीवर भाताचं पातेलं चढवणं. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर म्हणूनच क्रम पाळतात: आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न शेवटी. खोली गरम आहे म्हणून भागत नाही. फांदीवरचं तापमान थर्मामीटरने मोजावं लागतं. दुकानदार गळ्यात मारतात ते तापणारे कृत्रिम दगड इथे निरुपयोगी. झाडावर राहणारा हा प्राणी ऊब वरून घेतो, खालून नाही. रात्री मात्र दिवे बंद आणि हवा थोडी गार हवी.

पाण्याबाबतचा घोळ याहून मोठा. वाटी भरून ठेवली की आपलं काम झालं असं वाटतं, पण साचलेलं पाणी हे पाणी आहे, हेच बहुतेक शॅमेलिऑनना उमगत नाही. ते पानांवरचे थेंब टिपतात. म्हणून पानांवर फवारा मारायचा, तोही उडता नव्हे, थेंब ओघळतील इतका वेळ; किंवा वरून थेंब-थेंब पाणी सोडायचं. पाणी कमी पडलं की आतडी विष्ठेतलं उरलंसुरलं पाणी शोषून घेतात आणि विष्ठा दगडासारखी होते. याची खूण रोज समोर पडत असते. निरोगी शॅमेलिऑनच्या तपकिरी विष्ठेसोबत मूत्राचा पांढरा गोळा पडतो. तो पिवळा-नारिंगी व्हायला लागला, डोळे खोल गेले, की पाणी कमी पडतंय. (पाळणाऱ्याने प्राण्याच्या रंगापेक्षा या गोळ्याचा रंग रोज पाहिला, तर डॉक्टरांच्या निम्म्या खेपा वाचतील, असं माझं मत आहे.)

यावर उपाय म्हणून कोमट पाण्याच्या टबात बसवण्याची पद्धत आहे. ‘तो कातडीतून पाणी पितो’ असं त्यामागे सांगतात. तसं काही होत नाही. पायाखाली फांदी नसलेला झाडावरचा प्राणी पाण्यात फक्त घाबरतो. आंघोळीपेक्षा जास्त वेळ फवारा बरा.

दिव्यांचं म्हणाल, तर पोटाचा आणि अतिनील किरणांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. या किरणांतल्या ‘यूव्हीबी’ पट्ट्याशिवाय शॅमेलिऑनच्या शरीरात ड३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ड३ शिवाय अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत. हाडं वाकतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आतड्याची भिंतसुद्धा स्नायूंचीच असते. ती थकली की बद्धकोष्ठ होतं, आणि जोर करता करता आतड्याचा भाग बाहेर येऊ शकतो. जीभ फेकण्याचं बळही याच कारणाने जातं. मालकाला वाटतं भूक गेली, प्रत्यक्षात नेम धरूनही भक्ष्यापर्यंत जीभ पोचत नसते. खिडकीतून ऊन येतं, या भरवशावर राहू नका. साधी काच हे किरण अडवते. यूव्हीबीचा दिवा प्रकाश देत असला तरी काही महिन्यांत त्याचे किरण क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत तो बदलावाच लागतो.

आता मीलवर्म. ही अळी गिळली की पोट कुरतडून बाहेर येते, अशी दंतकथा पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. शॅमेलिऑन भक्ष्य जबड्यात चिरडून गिळतो आणि पुढे जठरातलं आम्ल आहेच. अळी तिथे तग धरत नाही. खरा दोष साधा आहे: तिचं कवच कठीण, चरबी जास्त. रोज तीच दिली, तर पोट जड होणारच. किड्याची रुंदी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. रातकिड्यांना आदल्या दिवशी पालेभाज्या खाऊ घालून, वर कॅल्शियमची भुकटी लावून मगच ते द्यावेत. बागेतले किडे टाळावेत, त्यांच्यावर फवारलेलं औषध आणि पोटातले परजीवी दोन्ही सोबत येतात. काजवा तर अजिबात नको. दुसऱ्या जातींचे पाळीव सरडे एका काजव्याने दगावल्याच्या नोंदी आहेत. व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, त्यामुळे शोभेची प्लॅस्टिकची वेल त्याच्या आतड्यात अडकू शकते. खरं जास्वंद लावा.

फुगलेलं प्रत्येक पोट बद्धकोष्ठाचं नसतं. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, कधी कधी पन्नासहून अधिक. खणायला खोल, ओलसर वाळू-माती मिळाली नाही, तर अंडी अडतात आणि मादी मरते. अशा मादीला जुलाबाचं औषध देणं हा वेळेचा जीवघेणा अपव्यय.

जंतांचं औषधही अंदाजाने नको. ताजी विष्ठा घट्ट झाकणाच्या डबीत थंड ठेवून लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया हे एकपेशी परजीवी दिसले तर औषध एक आणि गोलकृमी दिसले तर दुसरं. पिंजरा धुतला नाही, तर तीच लागण पुन्हा होते. गुदद्वारातून लाल-गुलाबी भाग बाहेर आलेला दिसला, तर तो स्वच्छ पाण्याने ओला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिवसा डोळे मिटून बसणारा शॅमेलिऑनही तितकाच तातडीचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक गैरसमज: ‘आपल्याकडचा सरडा पाळला तर काय बिघडतं?’ आपला घोयरा हा शॅमेलिऑनच आहे, विषारी नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरी ठेवणं गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑन बाळगणाऱ्यालाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. जखमी किंवा आजारी घोयरा सापडला, तर त्याला काही पाजू नका, खायला घालू नका. हवेशीर खोक्यात सावलीला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.