स्त्रियांच्या मताधिकाराची कथा

वर्गाचा मुख्य निवडतांना मुलाचें मत आणि मुलीचें मत सारखेंच मोजलें जातें; त्यांत कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु हा न्याय आपल्या पणज्यांस आयता लाभला नव्हता. तो कसा मिळाला, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें हेतु आहे.

कोथरूडाजवळील हिंगणें येथें महर्षि कर्वे यांनीं १९०० सालीं आपला अनाथ बालिकाश्रम आणला आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. पुण्यांतच १९०९ सालीं रमाबाई रानडे यांचें सेवासदन निघालें. विद्येबरोबर प्रश्नही आला: कायदे आम्हीं पाळावे, तर ते करणारांची निवड आम्हीं कां करूं नये?

१९१७ सालीं भारतमंत्री माँटेग्यू या देशांत आले असतां सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांच्या शिष्टमंडळानें मद्रास येथें त्यांची भेट घेऊन मताधिकार मागितला. पुढें साउथबरो समितीनें ही मागणी अकालीं ठरवून नाकारली. तथापि स्त्रिया खचल्या नाहींत. १९१९ सालीं मुंबईच्या हिराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनीं लंडनला जाऊन आपली बाजू मांडली. त्या वर्षींच्या कायद्यानें हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोंपविला. मुंबई इलाख्यांतील चळवळींत रमाबाईंनीं पुढाकार घेतला, आणि १९२१ सालीं मद्रासच्या पाठोपाठ मुंबईच्या कायदेमंडळानेंही अनुकूल ठराव केला. विलायतेंत याच हक्कासाठीं कांहीं स्त्रियांनीं खिडक्या फोडल्या होत्या. येथें अर्ज, सभा आणि युक्तिवाद हींच साधनें पुरलीं.

मात्र मालमत्तेच्या अटीमुळें हा हक्क थोड्याच स्त्रियांच्या वांट्यास आला. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस समान मत दिलें तें १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं याद्या तयार होतांना एक अडचण उभी राहिली. पुष्कळ स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेंच सांगितलें. त्यामुळें सुमारें २८ लक्ष स्त्रिया यादींतून गळाल्या. इतक्या श्रमानें मिळालेला हक्क केवळ नांव न सांगितल्यामुळें हातचा गेला!

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर आईचें व आजीचें नांव मतदारांच्या यादींत बरोबर छापलें आहे ना, हें अवश्य पाहा. आणि मुलींनो, आपलें नांव विचारल्यास तें स्पष्ट व निर्भयपणें सांगा. हक्क मागून मिळतो. पण टिकतो तो बजावल्यानेंच.