राज्याचे कर्ज : किती आणि कशासाठी?

(महाराष्ट्र, अर्थसंकल्पीय अंदाज २०२५-२६)

• एकूण आकारमान : सुमारे ७ लाख कोटी रुपये

• महसुली तूट : ४५,८९१ कोटी रुपये

• राजकोषीय तूट : १,३६,२३५ कोटी रुपये, स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्के या मर्यादेच्या आत

• वर्षअखेरचे कर्ज : सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये. राज्य उत्पन्नाच्या जवळपास १९ टक्के

• महिलांसाठीच्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी तरतूद : ३६,००० कोटी रुपये

• कर्जावर अंकुश : केंद्राचे कर्ज फेडायचे बाकी असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते (राज्यघटना, कलम २९३).

काय पाहावे? धरणे-रस्त्यांसाठी काढलेल्या कर्जातून मालमत्ता उभी राहते. महसुली तूट म्हणजे मात्र पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदानांसाठीची उसनवारी. त्यामुळे कर्जाच्या आकड्याइतकेच महसुली तुटीकडेही लक्ष हवे.