पिस्तुलांचे सांगाडे : पोलादी व अॅल्युमिनियमचे

जुन्या हत्यारांचा संग्रह करणाऱ्या सद्गृहस्थांच्या तोंडून एक मत वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, विसाव्या शतकांतील पिस्तुलांपैकीं ज्यांचा सांगाडा पोलादी तीं टिकाऊ व संग्राह्य. ज्यांचा अॅल्युमिनियमचा तीं तकलादू. या मतास मुळींच आधार नाहीं असें नाहीं. परंतु तें जसेंच्या तसें स्वीकारल्यास वस्तूची पारख चुकते, आणि त्याहून वाईट म्हणजे केव्हां केव्हां वस्तूच नासते. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नैयायिकांच्या रीतीप्रमाणें आधीं लक्षण, मग परीक्षा. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांत बार उडतांच नळीवरील पोलादी आवरण मागें सरकतें, रिकामें टरफल बाहेर फेकतें व पुढें येतांना नवें काडतूस नळींत लोटतें. या आवरणास स्लाइड म्हणतात. ती ज्यावर सरकते आणि ज्यांत चाप व घोडा बसविलेले असतात तो सांगाडा. दारूचा मुख्य दाब नळी व स्लाइड यांनीं सोसावयाचा. सांगाड्याच्या वांट्यास येतो तो प्रत्येक बारागणिक बसणारा दणका, आणि घर्षण. बहुतेक पिस्तुलांत अॅल्युमिनियमचा संबंध या सांगाड्यापुरताच असतो.

अॅल्युमिनियमचें विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७, पोलादाचें सुमारे ७.८, ताठरपणाही साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकाच. शुद्ध धातु तर हत्यारास निरुपयोगी इतका मऊ. आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञास १९०६ च्या सुमारास जो कठीण होणारा मिश्रधातु सांपडला व पुढें ड्युरल्युमिन या नांवानें प्रसिद्ध झाला, त्यानें हा मार्ग मोकळा केला. तथापि बळ वाढलें तरी एक स्वभावदोष राहिलाच, व वादाचें खरें मूळ तेथें आहे.

आमच्या वाचकांस तो दोष समजावून देणें अवघड नाहीं. दप्तरांतील कागद सरळ ठेवला तर शतकें टिकतो. तोच एका घडीवर वारंवार उघडला व मिटला तर घडीवर तुटतो. कोणतीहि एक घडी त्यास तोडण्याइतकी जोराची नसते; अनेक घड्यांची बेरीज त्यास तोडते. धातूचेंही असेंच आहे. यास धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतींत ताणाची अशी एक मर्यादा आढळते कीं तिच्याखालीं कितीहि आघात झाले तरी व्यवहारतः तें थकत नाहीं. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंस अशी निश्चित मर्यादा नाहीं. लहान आघातही हिशेबांत जमा होतच राहतो. म्हणून सांगाडा करणारा कारागीर दणका बसणारी जागा जाड करतो, अथवा ताण पसरेल अशी तिची घडण बदलतो. तें नीट साधलें तर पिस्तूल दीर्घकाळ चालतें. न साधलें तर भेग पडते.

याचें उत्तम उदाहरण वाल्टर कारखान्याचें. जर्मन सैन्यानें १९३८ सालीं स्वीकारलेल्या पी-३८ चा सांगाडा पोलादी होता. महायुद्धानंतर त्या कारखान्यानें १९५७ सालीं उल्म येथें हेंच पिस्तूल पुन्हां सुरू केलें तेव्हां सांगाडा अॅल्युमिनियमचा केला. पश्चिम जर्मन सैन्यांत १९६३ पासून त्यास पी-१ म्हणूं लागले. पुढें १९७० नंतरच्या दशकांत याच सांगाड्यांत, चापाच्या वरच्या अंगास, एक षट्कोनी पोलादी खिळा आडवा बसविण्यांत येऊं लागला. नळीची अडकण मागें येऊन जेथें आदळते, नेमकी तीच ही जागा. हा खिळा म्हणजे धातूच्या उणिवेवर कारखान्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेली टीपच होय, आणि कालनिर्णयासही ती मोठी उपयोगी पडते. युद्धकाळीं सैन्यास दिलेलें म्हणून दाखविलेल्या पी-३८ च्या सांगाड्यास लोहचुंबक चिकटत नसेल, तर तो सांगाडा मागाहूनचा समजावा. (याच कारखान्यानें युद्धापूर्वींही पी.पी. व पी.पी.के. हीं लहान पिस्तुलें थोड्या संख्येनें ड्युरल्युमिनचा सांगाडा घालून केलीं होतीं. तेव्हां चुंबकाचा हा नियम त्यांस लावूं नये.)

अमेरिकेंत कोल्ट कारखान्याचें कमांडर हें पिस्तूल १९५० च्या सुमारास बाजारांत आलें. मूळचें १९११ चें पोलादी पिस्तूल सुमारे ११०० ग्रॅम, हें सुमारे ७५० ग्रॅम. मात्र याची नळीही थोडी आंखूड होती. हें यशस्वी झालें. त्याच सुमारास अमेरिकन वायुदलानें वैमानिकांसाठीं जीं अतिहलकीं रिव्हॉल्व्हरें करविलीं, त्यांत सांगाड्याबरोबर काडतुसांचें फिरतें चक्रही अॅल्युमिनियमचें केलें. येथें मर्यादा ओलांडली गेली. कारण रिव्हॉल्व्हरांत दारूचा दाब प्रत्यक्ष चक्रानेंच सोसावयाचा असतो. त्यांच्यासाठीं मुद्दाम मंद काडतूस काढावें लागलें, तरी विश्वास बसेना, आणि शेवटीं तीं परत घेऊन बहुतेक नष्ट करण्यांत आलीं. आज तीं दुर्मिळ म्हणून मोल पावतात तीं या फजितीमुळेंच.

येवढ्यावरून पोलादाचा जयजयकार करावयास आम्ही तयार नाहीं. अमेरिकन सैन्यानें १९८५ सालीं बेरेट्टा कारखान्याचें एम-९ स्वीकारलें; सांगाडा अॅल्युमिनियमचा, स्लाइड पोलादी. दोन-तीन वर्षांतच कांहीं पिस्तुलांच्या स्लाइडी मधोमध तुटून मागचा तुकडा नेम धरणाऱ्याच्या तोंडावर आला व कांहीं सैनिक जखमी झाले. तुटलें तें पोलाद. उपाय म्हणून घोड्याच्या खिळ्याचें डोकें मोठें करून तुटलेली स्लाइड अडून राहील अशी योजना झाली. अॅल्युमिनियमचा सांगाडा यावरून निर्दोष ठरतो असें आमचें म्हणणें नाहीं. धातूचें नांव ऐकून निकाल देऊं नये, इतकेंच.

आतां संग्राहकाच्या पेटींतील गोष्ट पाहूं. तेथें बार उडत नाहींत, तेव्हां थकव्याचा प्रश्न मिटतो. उरतो गंज. आणि कोंकणपट्टींतील दमट हवेंत पोलाद हार खातें, हें सांगावयास नको. अॅल्युमिनियमवर हवेनेंच एक पातळ कवच येतें; शिवाय कारखान्यांत विजेच्या साह्यानें तेंच कवच जाड करतात, ज्यास अॅनोडायझिंग म्हणतात. हें कवच म्हणजे कुरुंदाचें सगोत्रच. ज्या कुरुंदावर आमचे शिकलगार तरवारी घाशीत, त्याचें व या कवचाचें रासायनिक घटक एकच. संस्कृतांतील कुरुविंद शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस हा योग चमत्कारिक वाटेल. कवच अत्यंत कठीण, पण केसाहूनही पातळ; स्लाइडीच्या खांचांत तें एकदां झिजलें कीं खालची मऊ धातु लवकर जाते.

येथेंच उत्साही संग्राहक घात करतात. सांगाडा व स्लाइड यांच्या काळ्या रंगाची छटा जुळत नाहीं म्हणून भाग बदललेला असावा असा तर्क ते करतात, आणि मग दोन्ही एकसारखे काळे करून घेतात. वस्तुतः पोलादाचा काळेपणा व अॅनोडायझिंगचा काळेपणा या क्रियाच निराळ्या. छटा निराळी असणें हीच स्वाभाविक स्थिति. पोलाद काळें करण्याच्या उकळत्या कॉस्टिक द्रवांत अॅल्युमिनियम घातल्यास तें विरघळूं लागतें. धुण्याचा सोडा किंवा चिंच लावून घांसणेंही कवचास अपायकारक आहे. कोरडें मऊ फडकें व तेलाचा हलका हात पुरे. चामड्याच्या म्यानांत घालून मात्र कोणतेंहि पिस्तूल ठेवूं नये. चामडें ओल धरतें, कमावतांना वापरलेले क्षार त्यांत राहिलेले असतात, आणि ओल लागली कीं पोलादी खिळा जेथें अॅल्युमिनियमला टेकलेला असतो तेथें अॅल्युमिनियमच आधीं खाल्लें जाऊन पांढरी भुकटी धरते. ती दिसतांच खिळ्याभोंवतालची जागा भिंगाखालीं तपासावी.