‘मी आधी टाकलं!’ : मॅजिकमधला स्टॅक, मराठीतून

आजचा भाग किकवीतून रेकॉर्ड केलाय, बहिणीच्या घरून. घर पुणे-सातारा हायवेपासून फार लांब नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मधूनमधून ट्रकचे हॉर्न ऐकू येतील. वाचणाऱ्यांची तेवढी सुटका.

आज बोलायचंय ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातल्या एकाच गोष्टीबद्दल. एकाने पान टाकलं, दुसऱ्याने त्यावर पान टाकलं, तर आधी काय घडतं? नवीन खेळणारे सगळ्यात जास्त भांडतात ते इथे. आणि भांडण नेहमी एकाच वाक्याने सुरू होतं: ‘मी आधी टाकलं!’

आपण साध्या पत्त्यांवर वाढलेली माणसं, म्हणून हे होतं. मेंढीकोट घ्या. चौघं बसलेत, पाळी ठरलेली आहे, पान पडलं म्हणजे पडलं. ते परत येत नाही आणि त्याला कुणी मध्येच अडवतही नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे ते १० रंगांचे १२० गोल पत्ते, डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाच्या रंगाने आणि रात्री असेल तर कृष्णाच्या. तिथेही कुणाचा हात चपळ आहे याला काही किंमत नाही. वेळेची खरी गंमत आपल्याकडे बंद हुकमात आहे. हुकमाचं पान पालथं ठेवलेलं असतं. चालू रंग हातात नसला की तुम्ही ‘हुकूम उघडा’ म्हणू शकता, पण आमच्याकडे ते म्हणायचं स्वतःचं पान टाकायच्या आधी. पान टाकल्यावर तोंड उघडलं तर बाकीचे सगळे अंगावर येतात. म्हणजे एखादी गोष्ट करता येते की नाही, हे ‘कधी’वर ठरतं, ही कल्पना आपल्याला नवीन नाही.

मॅजिकने त्या ‘कधी’चं अख्खं शास्त्र केलंय. रिचर्ड गारफिल्डने बनवलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. तुम्ही जमिनीची पानं मांडता, त्यातून माना मिळतो, आणि तो माना खर्चून बाकीची पानं खेळता. आजच्यापुरतं एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. मॅजिकमध्ये ‘टाकलं’ आणि ‘घडलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही किंमत मोजून पान टेबलावर ठेवलं, की ते फक्त जाहीर झालं. ते जाऊन बसतं स्टॅकवर. स्टॅकला आपल्याकडे छान शब्द आहे, चवड. भाकऱ्यांची चवड डोळ्यासमोर आणा. पहिली भाकरी टोपल्यात तळाशी, शेवटची वर. वाढायला घेताना वरचीच आधी उचलणार ना? तसंच इथे. शेवटी टाकलेलं पान आधी घडतं.

उदाहरण १९९३ च्या पहिल्या संचातल्याच पानांचं घेतो. तुमच्याकडे ग्रिझली बेअर्स आहे. हे अस्वल २/२ आहे, म्हणजे मारतं २ आणि सोसतं २. मी त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकतो, त्याचा फटका ३ चा. तुमच्या हातात जायंट ग्रोथ आहे, जे त्या टर्नपुरते +३/+३ देतं. तुम्ही म्हणता, ‘रिस्पॉन्स, जायंट ग्रोथ.’ चवडीत खाली बोल्ट, वर ग्रोथ. ग्रोथ आधी घडतं, अस्वल ५/५ होतं. मग बोल्ट येतो, ३ चा फटका बसतो, अस्वल जिवंत. माझं पान वाया.

आता हीच दोन पानं उलट क्रमाने. तुम्ही घाई केली आणि कुणी काही करायच्या आत, आपल्या हौसेने, अस्वलावर ग्रोथ टाकलं. मी म्हणतो, ‘रिस्पॉन्स, बोल्ट.’ आता बोल्ट वर आहे. तो आधी घडतो, अस्वल अजून २/२ च आहे, मेलं. मग ग्रोथची पाळी येते, पण ज्याच्यावर टाकलं ते अस्वलच नाही, म्हणून तेही कचऱ्यात. माझं एक पान गेलं, तुमची दोन. पानं तीच, माना तेवढाच, आणि ज्याने ‘आधी टाकलं’ तोच दोन्ही वेळा हरला.

यावर आणखी एक थर चढवू. मी बोल्ट टाकला, तुम्ही ग्रोथ टाकलं, आणि मी त्या ग्रोथवर दुसरा बोल्ट टाकला. चवड तिघांची झाली. वरचा बोल्ट घडतो, अस्वल मरतं, खालची दोन्ही पानं लक्ष्य नाही म्हणून फुकट. या खेळात मोठं कौशल्य म्हणजे हातातलं पान न टाकता बसून राहणं, ते यामुळे.

मग प्रश्न येतो, थांबायचं किती? वरचं पान कधी घडतं? याचं उत्तर प्रायॉरिटी. म्हणजे बोलायची पाळी. एका वेळी ती एकाकडेच असते. पान टाकणाऱ्याला आधी मिळते, त्याला आणखी काही करायचं नसेल तर तो ती समोरच्याला देतो. समोरचा एकतर रिस्पॉन्स देतो किंवा ‘पास’ म्हणतो. मध्ये काहीही न करता सगळ्यांनी ओळीने पास म्हटलं, तरच चवडीवरचं एक पान घडतं. जत्रेतल्या लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणतात ना, तो अवकाश समजा. फरक इतकाच, की लिलावात ओरडणाऱ्याला घाई असते आणि इथे समोरच्याने पास म्हटल्याशिवाय ‘तीन वार’ होतच नाही.

इथे मी किकवीत काय पाहिलं ते सांगतो, कारण हा भाग त्यामुळेच केलाय. थोरला भाचा पुण्याला कॉलेजात आहे, त्याने दोन डेक आणले आणि सुट्टीत घरची चार-पाच मुलं त्यावर तुटून पडली. धाकटी भाची बोलताना अडखळते. पान तिच्या हातात तयार असायचं, ‘रिस्पॉन्स’ शब्द ओठावर यायचा, तोवर समोरच्याने तिचं अस्वल उचलून कचऱ्यात टाकलेलं. ‘मेलं ते, आता काय!’ दोन दिवसांत ती खेळायची थांबली. वही घेऊन बाकीच्यांचे लाइफ पॉइंट लिहीत बसायची. कुणी तिला हाकललं नव्हतं. ती हळू आहे एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

नियमाच्या दृष्टीने मात्र ते अस्वल मेलेलंच नव्हतं. तिने पास म्हटलं नव्हतं. पाळी तिच्याकडे होती, आणि पाळी तिच्याकडे असताना समोरच्याने ओरडून, पान उचलून, काहीही करून खेळ पुढे जात नाही. मी पोरांना एवढंच सांगितलं की पास म्हणजे टेबलावर बोटाने टकटक, आणि रिस्पॉन्स म्हणजे पान मधोमध ठेवणं. टकटक ऐकू आल्याशिवाय कुणी काही उचलायचं नाही. ‘पण मामा, ती लई वेळ लावते!’ अशी तक्रार आली. लावू दे. विचारात उगाच वेळ काढणं वेगळं आणि बोलायला वेळ लागणं वेगळं, हे पोरांना कळतं. संध्याकाळपर्यंत तिने थोरल्याचे दोन बोल्ट वाया घालवले होते.

या पोरांचं एक कारण समजण्यासारखं आहे. ती फोनवर मॅजिक अरीना खेळून आलेली. तिथे पाळी कुणाकडे आहे हे ॲप बघतं, थांबवायचं तिथे थांबवतं, स्टॅकही दिसतो. तुम्हाला फक्त बटण दाबायचं असतं. टेबलावर ते ॲपचं काम माणसांना करावं लागतं आणि तेच कुणी शिकवत नाही.

दुसरे खेळ खेळणाऱ्यांसाठी पटकन. पोकेमॉनच्या पत्त्यांत समोरच्याच्या टर्नमध्ये हातातलं पान टाकून रिस्पॉन्स देता येत नाही, त्यामुळे ही भांडणंच नाहीत. यू-गी-ओमध्ये चेन असते आणि तीही उलट्या क्रमानेच घडते, पण पानांना वेग असतो, १ ते ३. वेग १ चं पान कशावरही रिस्पॉन्स म्हणून टाकता येत नाही, आणि वेग ३ ला उत्तर वेग ३ नेच. शिवाय चेन एकदा घडायला लागली की संपेपर्यंत मध्ये कुणी घुसू शकत नाही. मॅजिकमध्ये घुसता येतं. वरचं एक पान घडलं की पुन्हा सगळ्यांना पाळी मिळते, मगच पुढचं. यू-गी-ओवरून आलेली मुलं इथे हमखास फसतात.

मॅजिकही पहिल्यापासून इतका सरळ नव्हता. सुरुवातीला ‘इंटरप्ट’ नावाचा वेगळाच प्रकार होता, इन्स्टंटपेक्षा वेगवान, आणि काउंटरस्पेल त्यातलं. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या वेळी इंटरप्ट मोडीत काढून स्टॅक आणला. माझ्या मते खेळ टिकला त्यात या एका बदलाचा वाटा मोठा आहे.

दोन खाचाखोचा सांगतो. जमिनीतून माना काढणं चवडीवर जातच नाही, ते लगेच होतं, त्यावर रिस्पॉन्स नाही. दुसरी, प्रॉडिगल सॉर्सररची. हा १/१ चा जादूगार आडवा करून कुठेही १ चा फटका मारता येतो. त्याने फटका जाहीर केल्यावर तुम्ही रिस्पॉन्समध्ये जादूगारालाच मारलंत, तर फटका थांबतो का? नाही. बाण सुटलाय, आता धनुर्धारी मेला तरी बाण जायचा तिथे जाणारच. त्याला आधीच मारायला हवं होतं, किंवा तो फटकाच अडवणारं पान हवं.

आणि एका श्रोत्याचा प्रश्न होता: दोघांच्या पानांवर ‘अमुक झालं की तमुक होतं’ असं लिहिलंय आणि दोन्ही एकाच क्षणी लागू झालं, तर? ज्याची टर्न चालू आहे तो आपलं आधी चवडीवर ठेवतो, मग दुसरा. म्हणजे घडतं आधी दुसऱ्याचं. भाकऱ्या आठवा, उत्तर सापडेल.

पुढच्या भागात कॉम्बॅट, म्हणजे हल्ला जाहीर झाल्यापासून मार बसेपर्यंत पाळी किती वेळा फिरते ते. तोवर घरी टकटक करून बघा आणि कुणाचं अस्वल वाचलं ते कळवा.