पट्टा गुडघ्यांची ताकद मोजत नाही

कमरेला सेन्सरचा पट्टा बांधायचा, हातांची घडी छातीवर घ्यायला सांगायची आणि खुर्चीतून पाच वेळा उठबस करून घ्यायची. शेवटचं बसणं होतं न होतं तोच प्रश्न येतो, "मग, किती ताकद उरलीय गुडघ्यांत?" सोबत आलेला मुलगाही तेच विचारतो. हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. कारण या प्रश्नातच निकाल लावलेला असतो: उठायला त्रास होतो म्हणजे गुडघे गेले.

पट्ट्यातल्या डबीला गुडघा माहीतच नाही. तिला कळतात दोन गोष्टी: त्वरण आणि फिरण्याचा वेग. ती टेबलावर निश्चल ठेवली तरी त्वरणाचा आकडा शून्य येत नाही, ९.८ च्या आसपास येतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध टेबल तिला पेलून धरत असतं, त्याची ती नोंद. त्यावरून डबीला खाली कुठे ते समजतं आणि कंबर किती अंशांनी, किती वेगाने पुढे कलली हे काढता येतं. गुडघ्याचा कोन हवा तर मांडीवर आणि पोटरीवर वेगळे सेन्सर लागतात. स्नायूंची ताकद मोजायला तर बल मोजणारं यंत्रच हवं.

मग पट्टा कशाला? उठणं हे एकट्या गुडघ्यांचं काम नाही म्हणून. आत्ता करून बघा. खुर्चीत ताठ बसा, पावलं गुडघ्यांच्या थोडी पुढे ठेवा आणि धड पुढे न झुकवता उठा. धडधाकट तरुणालाही जमत नाही. शरीराचा भार पावलांच्या मागे असतो. तो आधी पावलांवर आणावा लागतो. पावलं मागे ओढा, छाती पुढे न्या, चटकन उठाल. गुडघे मघाचेच आहेत.

मार्गारेट शेंकमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या उठण्याचे चार टप्पे मांडले: धड पुढे झुकणं, त्या झोक्यावर बूड सुटणं, सरळ होणं आणि उभं राहून स्थिरावणं. पट्ट्याच्या आलेखात यातले बरेचसे टप्पे दिसतात. दोघींना पाच उठबशींना १४-१४ सेकंद लागले असं धरा. एक पडायच्या भीतीने पुढे झुकतच नाही, म्हणून तिचा झोकाच तयार होत नाही. दुसरी झटकन उठते, पण उभी राहिल्यावर तिची कंबर डोलत राहते. स्टॉपवॉचला दोघी सारख्याच. व्यायाम मात्र वेगळे द्यावे लागतात: पहिलीला पुढे झुकायचा सराव, दुसरीला तोल सांभाळायचा.

म्हणून स्टॉपवॉच टाकाऊ ठरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगते. स्नायूक्षयाच्या २०१९ च्या आशियाई निकषांत पाच उठबशींना १२ किंवा जास्त सेकंद लागले तर शारीरिक क्षमता कमी धरतात. त्याला घड्याळ आणि खुर्ची पुरते. खुर्ची मात्र साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची हवी. बूड रुतणाऱ्या सोफ्यावर घेतलेली वेळ या आकड्याशी ताडूच नका.

असेच आणखी काही समज नेहमी कानावर येतात. "माझं मनगटी घड्याळ हे सगळं सांगतं." दिवसभरात मनगट चहाचा कप उचलतं, दार उघडतं, हातवारे करतं, त्यातून उठणं वेगळं काढणं कमरेवरच्या सेन्सरपेक्षा कितीतरी अवघड.

"कंबर किती उंच गेली तेही बिनचूक कळतं." त्वरणावरून अंतर काढताना चूक साचत जाते. ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी बारीक चूक कायम राहिली, तर १० सेकंदांत अंतर अडीच मीटरने चुकतं. म्हणून प्रत्येक उठण्याआधी, माणूस स्थिर बसलेला असताना, हिशेब शून्यावर आणावा लागतो.

"जमिनीवरून हात न टेकता उठता आलं नाही तर आयुष्य थोडं उरलं." हा व्हॉट्सॲपवरचा निरोप ब्राझीलमधल्या २०१२ च्या अभ्यासावरून निघालाय. त्यात ५१ ते ८० वयाचे २००२ लोक होते. जमिनीवर बसून उठण्याच्या चाचणीतले कमी गुण आणि मृत्यू यांचा संबंध त्यात दिसला, पण तो समूहाचा; तुमच्या आईच्या आयुष्याची मुदत त्यातून निघत नाही. हात टेकून उठणारीने घाबरून जमिनीवर बसणं सोडू नये.

"आलेख चांगला आला, म्हणजे उठताना येणारी चक्कर किरकोळ." पट्ट्याला रक्तदाब दिसत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.