रंगभवन ते माझगाव

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या रॉकप्रेमी श्रोत्याचा पत्ता एकच होता : धोबीतलावचे रंगभवन. या खुल्या रंगमंचावर १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि कॉलेजातल्या हौशी बँडना हजारोंचा जमाव समोर मिळाला. पण त्या जमावाला हवी असत ती ओळखीची इंग्रजी गाणी. डीप पर्पल किंवा आयर्न मेडन जो हुबेहूब वाजवेल, तो बँड मोठा!

हे समीकरण मोडण्याचे मोठे श्रेय 'रॉक मशीन' या बँडला द्यायला हवे. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि मंडळींनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. त्याच वर्षी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक निघू लागले. इंटरनेटपूर्वीच्या त्या काळात शिलाँगला किंवा चेन्नईला कोण काय वाजवतंय, हे मुंबईच्या पोराला कळायला असाच एखादा आधार लागे.

पुढे रंगभवनच हातचे गेले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान शंभर मीटर तेव्हा शांतता क्षेत्रात मोडत, आणि रंगभवनाला खेटून तर कामा रुग्णालय, जी. टी. रुग्णालय आणि सेंट झेवियर्स कॉलेज. रुग्णांच्या शांततेबद्दल वाद असूच शकत नाही. मात्र तेवढ्या मोक्याची आणि सर्वसामान्य श्रोत्याला परवडणारी दुसरी जागा शहराने उभी केली नाही, ही हळहळ रास्त आहे. 'इंडिपेंडन्स रॉक' ऊर्फ 'आय-रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे लाइव्ह संगीताचे ठिकाण उघडले. तिथला आवाज उत्तम, पण कॉलेजकुमाराच्या खिशाला ते जड. २०१६ मध्ये तेही बंद झाले.

दरम्यान पुण्याने बाजी मारली होती. २०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कमध्ये 'एनएच सेव्हन वीकेंडर'चा पहिला महोत्सव झाला. एकाच आवारात अनेक मंच असल्यामुळे ऐकण्याची सवयच बदलली. मोठ्या नावासाठी तिकीट काढलेला श्रोता एका मंचाकडून दुसऱ्याकडे जाताना मधेच थबकू लागला आणि कधीही न ऐकलेल्या बँडचे नाव शेजाऱ्याला विचारू लागला. पाहुण्या कलाकारांपेक्षा हे थबकणे जास्त मोलाचे होते.

गेल्या दशकात तर स्थानिक बँड म्हणजे इंग्रजीच, ही समजूतही गळून पडली. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातो, आणि पांडुरंगाचा गजर क्लबमध्येही तितकाच घुमतो. 'स्वदेसी' या रॅपर मंडळींमधला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मधल्या त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्या जंगलावरून शहर भांडत होते, त्या जंगलातला माणूसच त्यात बोलतो.

मधली अनेक वर्षे खंडित झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा रंगला. बहुतेक कार्यक्रमांत नवे बँड आजही सगळ्यात आधी, अर्ध्या रिकाम्या मैदानापुढे वाजवतात. तेव्हा तिकीट काढलेच आहे, तर दार उघडताच आत जा आणि पहिला बँड उभे राहून ऐका.