जुगाराचीं यंत्रें व त्यांची कसोटी

रिक्षाचें मीटर खरें चालतें कीं नाहीं, अशी शंका आल्यास पुणेकर ग्राहकाला त्यावरील शिक्का पाहतां येतो. पेट्रोल-पंपावर पांच लिटरचें प्रमाणित माप मागून पेट्रोल मोजवून घेतां येतें. पैसे लावून खेळावयाच्या यंत्राचें तसें नाहीं. तेथें हार ही नेहमींचीच असते. ती दैवानें झाली कीं यंत्रांतील लबाडीनें, हें खेळणारा दिवसभर बसून राहिला तरी त्याला कळत नाहीं. जेथें अशीं यंत्रें कायदेशीर आहेत, तेथें त्यांच्या नियंत्रणासाठीं बारकाईचे नियम कां करावे लागले, याचें मूळ या एका गोष्टींत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सान फ्रान्सिस्को शहरीं चार्ल्स फे या कारागिरानें तीन चाकांचें यंत्र बनविलें. नाणें टाकून दांडा ओढला कीं चाकें फिरत, आणि ठराविक चित्रें जुळून आलीं तर यंत्र आपोआप नाणीं देई. प्रत्येक चाकावर दहा चित्रें धरलीं तर एकंदर १,००० जोडण्या होतात; एवढा हिशेब चाकें पाहूनहि करतां येतो. पुढें संगणक आला. आजच्या यंत्रांत संगणक क्षणोक्षणीं आंकडे काढीत असतो. कळ दाबतांक्षणीं जो आंकडा निघेल तोच निकाल, व चाकें तो केवळ दाखवितात. १९८४ सालीं इंगे टेलनेस यांना अमेरिकेंत जें पेटंट मिळालें, त्यांतील युक्तीनें चाकावरील जागांपेक्षां कितीतरी अधिक आंकडे योजतां येऊं लागले. त्यामुळें मोठ्या बक्षिसाचें चित्र चाकावर दिसतें त्या मानानें फारच क्वचित् लागूं शकतें. डोळ्यांनीं हिशेब करण्याची वाट तेथें खुंटली.

तें काम मग नियमांवर सोंपवावें लागलें. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्यानें १९३१ सालीं जुगार कायदेशीर केला व १९५५ सालीं त्यावर नियंत्रण-मंडळ नेमलें. तेथील नियमाप्रमाणें लावलेल्या रकमेपैकीं हिशेबानें निदान ७५ टक्के खेळणारांस परत मिळाले पाहिजेत, आणि मागील हारजीत पाहून यंत्रानें पुढील डाव बदलतां कामा नये. यंत्रांतील आज्ञावली मंजूर प्रतीशीं जुळली पाहिजे. दार उघडल्याची नोंद झाली पाहिजे. आंत गेलेल्या व बाहेर आलेल्या पैशांची मोजणी पुसतां येऊं नये. वीज मध्येंच गेली तरी शिल्लक कायम राहावी, आणि अंगावरील घर्षणविजेच्या ठिणगीनेंहि निकाल फिरूं नये, अशा या कसोट्या असतात.

परंतु तपासणाराच लबाड निघाला तर? याच मंडळांतील रॉन हॅरिस नांवाच्या तंत्रज्ञानें यंत्रें तपासण्याच्या साधनांतच गुप्त आज्ञा घातल्या होत्या. ठराविक क्रमानें नाणीं टाकलीं कीं बिघडविलेलें यंत्र बक्षीस देई. १९९५ सालीं तो पकडला गेला व पुढें तुरुंगांत गेला. एकाच माणसाच्या हातीं सारी तपासणी ठेवूं नये, हा धडा त्यांतून मिळाला.

महाराष्ट्रांत १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें जुगाराचा अड्डा चालविणें गुन्हा आहे. कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा १९७६ चा कायदा कधींच अंमलांत आला नाहीं व २०२३ सालीं तो रद्द झाला. तेव्हां पुण्यांतील एखाद्या गाळ्यांत करमणुकीच्या नांवाखालीं पैसे लावून घेणारें यंत्र आढळल्यास, त्यामागें अशी कोणतीहि तपासणी नाहीं असेंच समजावें. यंत्रांत फेरफार करून कौशल्याचा खेळ नशिबाचा करतां येतो, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत ध्यानीं घेतलें होतें. शेजारच्या गोव्यांत मात्र १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना परवानगी मिळाली; सुटींत तेथें जाणाऱ्या पुणेकरांची त्यांच्याशीं गांठ पडते.

आतां एखादें यंत्र सर्व कसोट्यांस उतरलें आहे व हिशेबानें ९० टक्के परत देतें, असें धरूं. दर डावास १० रुपये व मिनिटास सहा डाव या गतीनें तासांत ३६० डाव होतात. तेच पैसे फिरून फिरून लागत जाऊन ३,६०० रुपयांचा खेळ होतो, आणि त्यांतील ३६० रुपये सरासरीनें मालकाकडे राहतात. एखादा दिवस जिंकण्याचा येतो. पण खेळ जितका लांबेल तितकी गणिताची पकड घट्ट होत जाते. लबाडी रोखणें एवढेंच तपासणीचें काम आहे. मालकाचा वांटा ती कमी करीत नाहीं. यंत्र सरकारमान्य आहे, तेव्हां खेळावयास हरकत नाहीं, असें घरांतील कोणी म्हणूं लागल्यास हा तासाभराचा हिशेब त्याच्याकडूनच कागदावर मांडवून घ्यावा.